टोकियोत नवीन आलात? आधी जवळची शोतेनगाई गाठा

पुण्या-मुंबईहून प्रोजेक्टवर टोकियोत येणारी आपली बरीच मंडळी निशिकासाई नाहीतर त्याच्या आसपास घर घेतात, आणि ते बरोबरच आहे, तोझाई लाइनने ऑफिस जवळ पडतं, इंडियन ग्रोसरीची दुकानं आहेत, इंडियन शाळा आहेत, स्टेशनबाहेर पडलं की हिंदी-तमिळ-मराठी कानावर येतं. २००० च्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे साल बदलताना कॉम्प्युटरच्या तारखा बिघडू नयेत म्हणून चाललेल्या कामासाठी आयटीवाले आले तेव्हापासून ही वस्ती वाढत गेली, ती इतकी की २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी माणूस. पण या सोयीचा एक तोटा मला दिसतो. तूरडाळ इंडियन दुकानातून, दूध-ब्रेड कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, बाकी सगळं ऑनलाइन, असं करत लोक दोन-तीन वर्षं काढतात आणि परत जातात, आणि शेजारच्या रस्त्यावरच्या तोफूवाल्या आजींशी एकदासुद्धा बोलणं झालेलं नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जपानमध्ये आपलेपणा मिळायचा असेल तर तो ऑफिसात उशिरा मिळतो, शोतेनगाईत लवकर मिळतो. म्हणून नवीन येणाऱ्यांसाठी हे सगळं पायरीपायरीने लिहितेय. मी टोकियोच्या पूर्व भागातलं सांगतेय पण ओसाका-नागोयाला असाल तरी नव्वद टक्के हेच लागू होतं.

शोतेनगाई म्हणजे काय ते आधी

मोहल्ल्यातल्या छोट्या दुकानांचा रस्ता. सुरुवातीला कमान असते, दिव्याच्या खांबांवर सीझनप्रमाणे सजावट बदलते, वसंतात कागदी साकुरा, शरदात लाल पानं, आणि स्पीकरवर हळू आवाजात गाणी चालू असतात. काही ठिकाणी वरून छप्पर असतं, त्याला आर्केड म्हणतात, पावसात फार बरं पडतं. ही दुकानं नुसती शेजारी-शेजारी उभी नसतात, त्यांची मिळून एक संघटना असते, तिला कुमिआई म्हणतात, आणि अशा संघटनांसाठी १९६२ पासून वेगळा कायदासुद्धा आहे. रस्त्यावरचे दिवे, कमान, सेल, वर्षाअखेरची सोडत, सगळं ही दुकानदार मंडळीच वर्गणी काढून करतात.

एक गोष्ट माहीत असू द्या, या रस्त्यांचा काळ आता सोपा नाही. मोठ्या दुकानांवर बंधनं घालणारा कायदा १९७४ पासून लागू होता, तो २००० मध्ये गेला, त्याच्या आधीपासूनच नियम सैल होत होते, गावांबाहेर मोठे मॉल आले, दुकानदार म्हातारे झाले, मुलं नोकरीला लागली, आणि छोट्या शहरांत तर रस्तेच्या रस्ते बंद शटरचे झालेत. त्यांना शटर-गाई असंच नाव पडलंय. टोकियोच्या पूर्वेकडे मात्र अजून जिवंत रस्ते आहेत, आणि आपण तिथे घेतलेली एक जुडी भाजी पण त्यांच्या उपयोगी पडते.

पायरी १: आपला रस्ता निवडा

प्रसिद्ध रस्ता नको, जवळचा हवा. माझा नियम सोपा आहे, घरापासून सायकलने १५ मिनिटांच्या आत, आणि त्यात निदान भाजीवाला, तोफूवाला आणि मासेवाला किंवा मटणवाला एवढे तरी असले पाहिजेत. दुपारी चार वाजता एकदा चक्कर मारा. त्या वेळी अर्धी शटरं खाली असतील तर दुसरा रस्ता बघा.

निशिकासाई, कासाई, तोयोचो या पट्ट्यात राहणाऱ्यांना माझं पहिलं नाव सुनामाची गिन्झा. कोतो वॉर्डात आहे, साधारण ६७० मीटरचा अरुंद रस्ता आणि त्यात १८० च्या आसपास दुकानं. ट्रेनचं स्टेशन अगदी दाराशी नाही, मिनामी-सुनामाची किंवा निशी-ओजिमाहून चालावं लागतं नाहीतर बस घ्यायची, आणि माझ्या मते म्हणूनच तिथे गर्दी टुरिस्टांची नाही, घरच्या लोकांची आहे. शिजवलेले पदार्थ विकणारी दुकानं खूप, ओदेन, याकितोरी, तळलेली भजीसारखी तेंपुरा. दर महिन्याच्या १० तारखेला तिथे बाकानेइची म्हणून स्वस्ताईचा बाजार असतो, त्या दिवशी गेलात तर पिशवी मोठी न्या.

नावात गिन्झा बघून दचकू नका. महाग गिन्झा तो एकच, शहराच्या मधला. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर गिन्झातल्या पडलेल्या विटा शिनागावाकडच्या तोगोशी भागात आणून तिथल्या चिखलाच्या रस्त्यावर टाकल्या, आणि त्यावरून तो रस्ता तोगोशी गिन्झा झाला. मग जपानभर गावोगावच्या रस्त्यांनी गिन्झा नाव लावून घेतलं. तोगोशी गिन्झा साधारण १.३ किलोमीटर लांब आहे, ४०० च्या आसपास दुकानं, सुट्टीच्या दिवशी एकदा नक्की जा. यानाका गिन्झा छान आहे पण १७० मीटरचा आणि फोटो काढणाऱ्यांनी भरलेला, रोजच्या भाजीला उपयोगाचा नाही. सुगामोला जिझो-दोरी म्हणून रस्ता आहे, आजीआजोबांचा लाडका, तिथे ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांना तिकडे न्या, बसायला जागा, पाटीवर मोठी अक्षरं, सावकाश चालणारी गर्दी, त्यांना आवडतंच. ओसाकावाल्यांना तेन्जिनबाशी-सुजी आहे, २.६ किलोमीटर, जपानमधली सगळ्यात लांब म्हणून ओळखतात.

पायरी २: वेळ सांभाळा

सुपरमार्केट रात्री उशिरापर्यंत चालू असतं, ही दुकानं नसतात. बहुतेक सकाळी १० ला उघडतात आणि संध्याकाळी ६-७ ला आवरतात, तोफूवाले तर त्याच्याही आधी, कारण ते पहाटेपासून कामाला असतात. ऑफिसवाल्यांना त्यामुळे शनिवारच मिळतो. शनिवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ मला सगळ्यात चांगली वाटते, माल पण असतो आणि लोकं पण. प्रत्येक दुकानाचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस असतो, तो तेइक्यूबी, शटरवर किंवा दारावर लिहिलेला असतो, पहिल्या चकरेतच सगळ्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा म्हणजे नंतर हेलपाटा नको.

बऱ्याच रस्त्यांवर दुपारनंतर काही तास गाड्यांना बंदी असते. त्या वेळात सायकलवरून उतरून ती हातात धरून चालायचं, तशी पाटी असते, पाटी नसली तरी गर्दीत उतरायचंच. सायकल दुकानासमोर आडवी लावू नका, ठरलेल्या जागी लावा, नाहीतर उचलून नेतात आणि सोडवायला पैसे भरावे लागतात. आणि सायकलचा विषय निघालाच आहे तर, नवीन घेताना पोलिसांकडची नोंदणी दुकानातच करून घ्या, मोबाइल बघत किंवा छत्री धरून चालवू नका. २०२६ च्या एप्रिलपासून सायकलवाल्यांनाही जागेवर दंडाची चिठ्ठी मिळते.

पायरी ३: दुकानात कसं वागायचं

आत शिरताना कोन्निचिवा म्हणायचं. एवढं केलं तरी निम्मं काम झालं. जपानी येत नसेल तरी चालतं, बोट दाखवा आणि कोरे कुदासाइ म्हणा, म्हणजे हे द्या. एक हवं असेल तर हितोत्सु, दोन तर फुतात्सु, तीन म्हणजे मित्त्सु. किंमत विचारायची असेल तर इकुरा देसु का. पिशवी स्वतःची न्या, २०२० च्या जुलैपासून प्लास्टिक पिशवीला पैसे लागतात, छोटी दुकानं कधीकधी तशीच देतात पण आपण आपली पिशवी पुढे केलेली त्यांना आवडते.

भाजी वजनावर नसते, आपल्या बाजारात वाटे लावतात तशी टोपल्यांमध्ये नाहीतर प्लास्टिकच्या ताटल्यांत मांडलेली असते, एका टोपलीची एक किंमत, पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली. तुम्ही टोपली दाखवली की ते पिशवीत ओततात आणि टोपली परत जागेवर. आपल्या हाताने निवडायचं नाही, दाबून बघायचं नाही, खास करून पीच आणि स्ट्रॉबेरीला हात लावू नका. भाव करायचा नाही. अजिबात नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण ओळख झाली की ते स्वतःहून वरताळा देतात, दोन लिंबं, एखादी काकडी, चार हिरव्या मिरच्या, हसत पिशवीत टाकतात, त्याला ते ओमाके म्हणतात. तेव्हा नको-नको करत बसू नका, दोन्ही हातांनी घ्या आणि थँक्यू म्हणा.

पैसे हातात द्यायचे नाहीत, काउंटरवर छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे. जुन्या दुकानांत कार्ड चालत नाही, बऱ्याच ठिकाणी पेपे हे मोबाइलवरून पैसे द्यायचं अॅप चालतं, पण कॅश ठेवाच, आणि शंभराची नाणी ठेवा, १८० येनच्या पालेभाजीला दहा हजाराची नोट काढली तर दुकानदार बोलत नाही पण त्याची धावपळ होते. पाटीवरची किंमत टॅक्स धरूनच लिहायचा नियम २०२१ पासून आहे, घरी नेण्याच्या खाण्याच्या वस्तूंवर टॅक्स ८ टक्के आणि तिथेच बसून खाल्लं तर १० टक्के, म्हणून काही ठिकाणी विचारतात की इथे खाणार का नेणार.

गरम कोरोक्के, म्हणजे तळलेलं कटलेट, घेतलं तर दुकानासमोरच बाजूला उभं राहून खा आणि कागद दुकानदाराला परत द्या, तो घेतो. रस्त्यावर कचऱ्याचा डबा शोधत फिरू नका, नसतोच.

पायरी ४: काय घ्यायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण आपल्या स्वयंपाकाला उपयोगी पडणारं खूप काही या रस्त्यावर मिळतं आणि लोकांना ते कळत नाही.

भाजीवाल्याकडे आधी कोमात्सुना घ्या. ही एदोगावाचीच भाजी, इथल्या कोमात्सुगावा भागावरून तिला नाव मिळालं, आठवा शोगुन (तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) योशिमुने शिकारीला आला होता तेव्हा त्याने ते ठेवलं असं इथे सांगतात. पालकापेक्षा जाड देठ, कडवटपणा नाही. लसणाची फोडणी देऊन मुगाची डाळ घातली की अगदी आपली पालेभाजी होते, ताकातली पण छान होते. दाइकोन म्हणजे मुळा, पाल्यासकट मिळाला तर सोडू नका, त्याचा झुणका करा. कबोचा म्हणजे भोपळा, गोडसर आणि घट्ट, घाऱ्यांना उत्तम. भेंडी उन्हाळ्यात मिळते, तिला ओकुराच म्हणतात, छोट्या जाळीत आठ-दहाच असतात आणि दोन माणसांना दोन जाळ्या लागतातच. कोथिंबीर पाकुची नावाने मिळते पण महाग, ती इंडियन दुकानातून घ्या. शिशितो दिसायला मिरची पण तिखट नसते, मात्र एखादी मधेच झणझणीत निघते, मुलांना देताना बघा.

तोफूवाला. हा रस्त्यातला माझा सगळ्यात लाडका माणूस. थंड पाण्याच्या हौदात तोफूचे मोठे ठोकळे बुडालेले असतात, तुम्ही एक मागितला की तो हात पाण्यात घालून तळहातावरच कापतो आणि डब्यात सरकवतो, ठोकळ्याची एक कड मोडत नाही. मोमेन म्हणजे घट्ट, किनू म्हणजे मऊ. पनीरसारखा वापरायचा तर मोमेन घ्या, फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा अर्धा तास, मग भुर्जी करा, मटार-तोफू करा. आत्सुआगे म्हणजे जाड तळलेला तोफू, रश्श्यात तो सगळ्यात चांगला टिकतो. आणि ओकारा मागा. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरलेला चोथा तो, मोठी पिशवी अगदी थोड्या पैशात देतात, काही ठिकाणी तर फुकट. भाजणीत मिसळून थालीपीठ लावा, कांदा-कोथिंबीर घालून, कुरकुरीत होतात आणि पोटाला हलकी. लवकर खराब होतो, त्याच दिवशी वापरा नाहीतर फ्रीझरमध्ये टाका.

मासे खाणाऱ्यांनी, विशेषतः कोकण-गोव्याकडच्यांनी, सुपरमार्केटच्या थर्माकोलच्या ट्रेवर राहू नका. साकानाया म्हणजे मासेवाला, बर्फावर अख्खे मासे मांडलेले असतात. इवाशी म्हणजे तारली, ती तिखलं करायला घ्या. साबा आपल्या बांगड्याच्या नात्यातला पण मोठा आणि चरबीचा. इका म्हणजे माकूल. आसारी आपल्या तिसऱ्यांसारखी, जिवंत मिळते, वसंतात सगळ्यात भरलेली, घरी आल्यावर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ टाकून अंधारात दोन-तीन तास ठेवा म्हणजे वाळू सोडते, मग सुकं करा नाहीतर एकशिपी. आजी नावाचा छोटा मासा घेतलात तर मासेवाला काय करतो ते बघण्यासारखं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपासून टोकदार खवल्यांची एक ओळ असते, हाताला लागली तर रक्त काढते, तो सुरी आडवी धरून शेपटीकडून ती पट्टी एका ओढीत उडवतो, मग डोकं, मग पोट, पाण्याचा एक फवारा, आणि विचारतो की कसा करणार. तळणार असाल तर आगेमासु म्हणा, तो त्याप्रमाणे कापून देतो, साफ करण्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. एक मात्र नीट लक्षात ठेवा, कच्चा खायचा मासा वेगळा असतो, त्यावर साशिमीसाठी असं लिहिलेलं असतं. जो शिजवण्यासाठी म्हणून विकतात तो कच्चा खाऊ नका.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगते. तयार भाज्या, ओदेन, सूप, सॉस, यांत दाशी असते आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या सुकवलेल्या चकत्यांची असते, दिसत नाही पण असते. बटाट्याच्या कोरोक्केत खिमा असू शकतो, आणि मटणवाल्याकडे तळण बऱ्याचदा लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत होतं. निकु हाइत्ते इमासु का, म्हणजे यात मांस आहे का, आणि दाशी हाइत्ते इमासु का, ही दोन वाक्यं पाठ करा. बिनधोक काय? तांदळाचे दांगो बघा पण वरचा सॉस विचारून घ्या, लाल बीन्सच्या पुरणाचं दाइफुकु, भाजलेलं रताळं याकिइमो, साधा तोफू, मीठवाले सेन्बेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. रताळ्याला थंडीत नाही म्हणूच नका.

तांदूळवाला म्हणजे कोमेया अजून शिल्लक असेल तर नशीब समजा. तो समोर मशीनवर हवा तेवढा पॉलिश करून देतो, पूर्ण पांढरा, अर्धवट किंवा हातसडीसारखा. २०२५ मध्ये तांदूळ खूप महागला, ५ किलोचं पाकीट सुपरमार्केटात ४००० येनच्या वर गेलं, तेव्हापासून आम्ही गरजेपुरता किलो-दोन किलोच घेतो. जपानी तांदूळ चिकट, खिचडी, मऊभात, दहीभाताला मस्त. पुलावाला तुमचा बासमतीच.

पायरी ५: दोन-तीन दुकानं धरा, सोडू नका

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळ्या रस्त्यावर थोडं-थोडं घेत फिरण्यापेक्षा एक भाजीवाला, एक तोफूवाला, एक अजून कोणी, एवढे ठरवा आणि त्याच दिवशी, त्याच वेळी जात राहा. महिन्याभरात ते चेहरा ओळखतात, मग नाव विचारतात, मग देश, मग मुलं किती. तुम्ही दोन आठवडे दिसला नाहीत तर तब्येत विचारतात. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना तर मी हे आवर्जून सांगते, कारण अख्ख्या शनिवार-रविवारात कोणाशी एक वाक्य बोलणं झालं नाही असं इथे सहज होतं. भाषेच्या क्लासला जा, परीक्षा द्या, पण ऐकायची सवय इथे लागते, आणि वय झालेले दुकानदार आपल्याशी सावकाश बोलतात.

स्टॅम्प कार्ड किंवा पॉइंट कार्ड असेल तर घ्या, ते बऱ्याचदा अख्ख्या रस्त्याचं मिळून एक असतं. वॉर्ड मधूनमधून जादा किमतीची कूपनं काढतो, म्हणजे १०,००० येन भरले की त्यापेक्षा जास्त किमतीची खरेदी होते, ती फक्त त्या भागातल्या दुकानांत चालतात, वॉर्डाच्या पत्रकावर नजर ठेवा. भारतातून परत येताना ओळखीच्या दुकानदाराला छोटं काहीतरी आणा. मोठं, महाग नको, त्यांना परतफेडीचं ओझं होतं. दिवाळीत चकलीचं छोटं पाकीट द्या, सेन्बेई खाणाऱ्यांना चकली आवडतेच, पुढच्या वेळी रेसिपी विचारतात.

फोटो काढायचा असेल तर शाशिन ई देसु का म्हणून विचारा. माणसाचा चेहरा न विचारता घेऊ नका, मालाचा सुद्धा.

पायरी ६: घराकडची बाजू

पत्ता बदलला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करायची, हे तुमची कंपनी सांगेलच. तिथेच कचऱ्याचा तक्ता आणि हझार्ड मॅप, म्हणजे आपत्तीचा धोका दाखवणारा नकाशा, मागून घ्या, इंग्रजीत मिळतात. राहायला गेलात की दोन्ही बाजूचे, वरचे आणि खालचे शेजारी, यांच्याकडे दार वाजवून ओळख करून द्या, पाचशे ते हजार येनचा मिठाईचा डबा किंवा टॉवेल न्यायची पद्धत आहे, शोतेनगाईतल्या मिठाईवाल्याला हिक्कोशीसाठी (घर बदलल्यावर द्यायला) हवंय म्हटलं की तो कागदात बांधूनच देतो. सगळेच दार उघडतात असं नाही, नाही उघडलं तर सोडून द्या. पण ज्यांनी उघडलं त्यांना सांगून ठेवा की आम्ही मसाल्याचा स्वयंपाक करतो, कुकरची शिट्टी वाजते, घाबरू नका. मिक्सर आणि वॉशिंग मशीन रात्री ९ नंतर नको.

कचरा. टोकियोच्या वॉर्डांत साधारण जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, रिसायकलचा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, पण वार गल्लीप्रमाणे बदलतात, तक्ता फ्रिजवर लावाच. सकाळी ८ च्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही, कावळे फोडतात, जाळी असेल तर पिशवी पूर्ण जाळीखाली सरकवायची. बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं, बाटली धुवून चेपायची. ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल, खुर्ची, सूटकेस, तर आधी बुकिंग, मग कोनबिनीतून स्टिकर विकत घेऊन चिकटवायचं. आणि तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका, आपल्याकडे पुऱ्या-भजी होतात म्हणून मुद्दाम लिहितेय, तेल घट्ट करायची पावडर शंभर येनच्या दुकानात मिळते, गरम तेलात टाकायची, गार झालं की चकतीसारखं निघून येतं, तेवढं जळणाऱ्या कचऱ्यात. पावडर नसेल तर जुन्या कपड्यात शोषून घ्या.

मोहल्ल्याची समिती म्हणजे चोनाइकाइ. वर्गणी महिन्याला काही शे येन, सक्ती नसते, पण मी म्हणते घ्या सभासदत्व. काइरानबान नावाचा फोल्डर घरोघर फिरतो, त्यात रस्त्याचं काम, ड्रिल, जत्रा यांच्या सूचना असतात, वाचून शिक्का किंवा सही करून पुढच्या घरी द्यायचा, तुमच्याकडे आठवडाभर अडकवून ठेवू नका. १ सप्टेंबरच्या सुमाराला आपत्तीच्या कवायती होतात, १९२३ चा भूकंप त्याच तारखेला झाला होता. आग विझवायचं यंत्र चालवून बघायला मिळतं, मुलांना न्या. एदोगावात राहणाऱ्यांनी तर हे मनावर घ्या, वॉर्डाची साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, २०१९ च्या हझार्ड मॅपवर वॉर्डाने सरळ छापलं होतं की इथे थांबू नका. मोठं वादळ येणार असेल तर कुठे जायचं, कधी निघायचं, हे आधी ठरवा, आणि शेजारच्या आजोबांना विचारा, त्यांनी जुनी पाणी चढलेली वर्षं पाहिलेली असतात.

पायरी ७: मुलं असतील तर

दुकानांच्या दारावर कोदोमो ११०-बान असं स्टिकर दिसेल. याचा अर्थ रस्त्यात कोणी त्रास दिला, भीती वाटली, तर मुलाने सरळ त्या दुकानात शिरायचं, दुकानदार त्याला आत घेतो आणि पोलिसांना फोन करतो. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांना हाताला धरून त्या रस्त्याने न्या, अशी प्रत्येक जागा दाखवा, आणि दुकानदाराला मूल दाखवा. ओळखीचं दुकान असलं की मूल शिरायला लाजत नाही. संध्याकाळी लाउडस्पीकरवर गाणं वाजतं, वेळ वॉर्डाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते, साधारण ५ च्या आसपास, ती यंत्रणा खरं तर आपत्तीच्या सूचनांची आहे आणि रोज वाजवून तपासतात, पण मुलांसाठी त्याचा अर्थ घरी चला. जुलै-ऑगस्टमध्ये पार्कात बोन-ओदोरी होतो, मधे मचाण, त्यावर ढोल, आणि सगळे गोल फिरत नाचतात. येत नसलं तरी शिरा, पुढच्या बाईचे हात बघून दोन फेऱ्यांत जमतं.

सेन्तोला, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात, जायचं की नाही ते तुमच्या संकोचावर. टोकियोत मोठ्यांना साधारण ५५० येन. आधी बसून साबणाने पूर्ण अंघोळ, मग गरम हौद, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. थंडीत पाठ धरली असेल तर माझा सल्ला, जाच.

पायरी ८: वर्षाअखेर

डिसेंबरमध्ये खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. ठरावीक रकमेला एक कूपन मिळतं आणि कूपनांवर फुकुबिकी खेळायला मिळतो, अष्टकोनी लाकडी पिंप असतं, हँडल धरून सावकाश फिरवायचं, एक रंगीत गोळी खाली पडते, पांढरी आली तर टिश्यूचं पाकीट, दुसरा रंग आला तर दुकानदार घंटा वाजवतात आणि रांगेतले सगळे टाळ्या वाजवतात. कूपन चालायची शेवटची तारीख बघून ठेवा, बऱ्याचदा महिना संपायच्या आतच संपते.

३१ तारखेला सोबा नूडल्स, तांदळाची मोची आणि फुलं घेणाऱ्यांची गर्दी असते, भाजीवाले दुपारनंतर भाव उतरवून माल संपवतात. त्यानंतर १ ते ३ जानेवारी बहुतेक छोटी दुकानं बंद, काही ५ पर्यंत. दूध, कांदे, बटाटे, तोफू आधीच भरून ठेवा, तोफूवाल्याला २८-२९ ला विचारा की शेवटचा दिवस कुठला आणि उघडणार कधी. निघताना योइ ओतोशि ओ म्हणा. नवीन वर्षात पहिल्यांदा भेटलात की कोन्निचिवाच्या आधी आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु, आणि मग कोमात्सुनाची जुडी मागा.